जिना बघायचा की नाटक?
नाट्यगृहात रंगमंच आणि आवाज चांगला हवा, बाकी संगमरवर म्हणजे उधळपट्टी, असं काही जण म्हणतात, ते मला अर्धंच पटलं. पॅरिसचं पाले गार्निये हे ऑपेरागृह (१८७५) बघा. दोन बाजूंना फुटणारा तो जिना मुळात मिरवण्यासाठीच! नालाच्या आकाराच्या प्रेक्षागृहात बाजूच्या बॉक्समधून, म्हणजे छोट्या सज्जांतून, रंगमंच तिरपाच दिसतो, समोरच्या सज्जांतली माणसं मात्र स्पष्ट दिसतात.

आपल्या नागपूरच्या रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह २०१७ चं, दोनेक हजार खुर्च्यांचं. मागच्या रांगेतून नटाच्या भुवया कुठून दिसणार बाप्पा! मला सिव्हिल लाइन्सचं देशपांडे सभागृहच बरं. मध्यंतरात ओळखीचे चार चेहरे, हातात कागदी कपातला चहा, आणि घंटा झाली की तो अर्धा टाकून पळायचं.