कोचीची कॉन्फरन्स: खोली कुठे घ्यावी, बोट कुठली, आणि मुन्नार करावं का?

सातारकर दातवाला

नोव्हेंबरच्या शेवटी कोचीला आमची दंतवैद्यांची तीन दिवसांची कॉन्फरन्स आहे. माझ्या अभ्यासाचं पोस्टर तिथे लावायला स्वीकारलं गेलंय, अर्ली बर्डमध्ये पैसे भरून झालेत आणि आमच्या घरात 'कॉन्फरन्स' या शब्दाचा अर्थ 'मुन्नार' असा लावला गेलाय. बरोबर बायको, आठ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. ब्रोशरवर मासेमारीचं चिनी जाळं, हाउसबोट आणि मोठ्या अक्षरात 'कोची', एवढंच. कामानिमित्त जाऊन आलेल्यांनी आपापले अनुभव लिहा. काय बघावं ते कुठेही मिळतं, तुमचं काय चुकलं ते सांगा.

नाशिकचा भूलतज्ज्ञ

आधी हॉल कुठे आहे ते बघा. मी बघितलं नव्हतं. फोर्ट कोचीत जुन्या घरातली लाकडी जिन्याची खोली घेतली, फोटो काढून सगळ्यांना पाठवले. मग कधीतरी ब्रोशरच्या मागच्या पानावर, प्रायोजकांच्या लोगोंखाली बारीक अक्षरात पत्ता दिसला: अंगमाली. आता विमानतळ नेडुंबासेरीला, एर्नाकुलमपासून जवळपास ३० किलोमीटर. अंगमाली त्याच्याही पलीकडे. आणि फोर्ट कोची एर्नाकुलमच्या बरोब्बर उलट्या बाजूला. रोज पहाटे सहाला टॅक्सी, एडपल्लीला वाहतुकीत ठिय्या. पहिल्या दिवशी माझं सत्र साडेआठला होतं. मी पोचलो तेव्हा अध्यक्ष सगळ्या वक्त्यांचे आभार मानत होते, माझेही मानले.

बोलगट्टी, मरडू, विलिंग्डन बेट, थेट विमानतळाशेजारी, कुठेही कार्यक्रम असू शकतो आणि ब्रोशरवर सगळीकडे कोचीच लिहिलेलं असतं.

एर्नाकुलमला अकरा वर्षं

मूळचा रत्नागिरीचा, इथे जहाजदुरुस्तीच्या धंद्यात. वरच्या डॉक्टरांसारखे पाहुणे दर हिवाळ्यात बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इथे नकाशावरचं अंतर मोजायचं नाही, मध्ये पाणी किती ते बघायचं. एर्नाकुलम मुख्य भूमीवर. फोर्ट कोची आणि मट्टनचेरी समोर पश्चिमेला. मधल्या खाडीत विलिंग्डन बेट, तेही मुळात माणसानं केलेलं: रॉबर्ट ब्रिस्टो या इंग्रज इंजिनिअरच्या काळात बंदर खोल करताना जो गाळ निघाला, त्याच्या भरावातून ते उभं राहिलं. उत्तरेला वायपिन. मरीन ड्राइव्हवर उभं राहिलात की समोरचं सगळं हाकेच्या अंतरावर वाटतं. रस्त्यानं जायला निघालात की पूल शोधत तास जातो.

म्हणून खोली मेट्रो स्टेशनाजवळ किंवा जेट्टीजवळ घ्या, फोटो नंतर बघा. मेट्रोची एकच लाइन आहे, अलुवा ते त्रिपुनितुरा, त्यामुळे चुकायला वाव नाही. वॉटर मेट्रो एप्रिल २०२३ पासून चालू आहे. विजेवरच्या एसी बोटी, इथल्याच कोचीन शिपयार्डनं बांधलेल्या (विक्रांत जिथे बांधली तेच). हायकोर्ट जेट्टीवरून फोर्ट कोची आणि वायपिनला जाता येतं. बोटीत ठरावीक माणसं झाली की गेट बंद, आपल्या लोकलसारखं 'जरा सरका' चालत नाही. सुट्टीच्या संध्याकाळी रांग लागते, तेव्हा एर्नाकुलमच्या मुख्य जेट्टीवरून सरकारी जुनी बोट पकडा. तिकीट अगदी किरकोळ आणि वारा फुकट.

नोव्हेंबरात पाऊस संपलेला नसतो. याला इथे तुलावर्षम म्हणतात: सकाळ लख्ख, दुपारनंतर ढग, मग विजांसकट धिंगाणा. रेनकोटात घामानं भिजाल, छत्रीच आणा. बोटीची कामं सकाळी उरका.

पनवेलची ग्रंथपाल

मी रेल्वेवाली, त्यामुळे विमानाचं विचारू नका. पनवेलहून मंगला किंवा नेत्रावती, साधारण एक दिवस आणि एक रात्र. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक तोवर संपलेलं असतं, गाडी जरा पळते. पुण्याहून पूर्णा आहे, पण रोज नाही. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, १२० नाही. मी जुन्या हिशोबानं चार महिने आधीच साइट उघडून बसले होते आणि रेल्वेला शिव्या घालत होते.

एर्नाकुलमला दोन स्टेशनं: जंक्शन, ज्याला सगळे साउथ म्हणतात, आणि टाउन, म्हणजे नॉर्थ. रिक्षावाल्याला नुसतं 'स्टेशन' सांगितलं तर तो उलट विचारेल. मला नाही विचारलं. परतीच्या दिवशी नॉर्थवर उभं राहून मी साउथहून सुटणाऱ्या गाडीची वाट पाहत होते. सुटली नाही ती केवळ उशिरा आली म्हणून.

पोस्टर कापडावर छापून घ्या. माझा नळकांड्यातला कागद एका काकांनी पायाखाली घेतला होता. कापड घडी करून साड्यांमध्ये जातं, टांगलं की सुरकुत्या आपोआप मोडतात.

कुडाळची

सभागृहात नवरा, बाहेर मी. 'अकम्पनीइंग पर्सन' म्हणून माझीही फी भरली होती. त्यात दोन दुपारची जेवणं आणि एक पिशवी मिळाली. पिशवी चांगली आहे, अजून बाजाराला नेते. पण वहिनींना आणि सासूबाईंना ती फी भरू नका, त्या पैशात त्या राजेशाही हिंडतील.

मी शनिवारी उत्साहानं मट्टनचेरीला गेले. तिथलं ज्यूंचं प्रार्थनामंदिर १५६८ चं. पोचल्यावर लक्षात आलं की ज्यूंचं प्रार्थनामंदिर शनिवारी कसं उघडं असेल! शेजारचा राजवाडा शुक्रवारी बंद. म्हणजे शुक्र-शनि-रविच्या कॉन्फरन्सवाल्यांसाठी अगदी सोयीचं.

मग मसाल्यांच्या वासामागे चालत चालत चेरळाईत गेले. एका दुकानात लोणचं होतं. सवयीनं तोंडातून गेलं, "ह्या कितक्याक?" दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला आणि कोकणीत बोलायला लागला. सोळाव्या शतकात गोव्यातून निघालेली सारस्वत मंडळी इथे येऊन राहिली, त्यांचं तिरुमल देवस्थान तिथेच आहे. त्यांच्या बोलीत मल्याळम बरंच मिसळलंय, माझी मालवणी त्यांना अर्धीच कळली, तरी तासभर बसलो. कुठल्या कुळाच्या, देव कुठला, सगळी चौकशी झाली. लोणच्याचे पैसे घेईचनात. नवऱ्यानं त्या दिवशी तीन व्याख्यानं ऐकली, त्यातलं एकही त्याला आठवत नाही.

कोल्हापूरचा सीए

मुन्नारचं मी सांगतो. १३० किलोमीटर. ड्रायव्हर म्हणाला, चार तासांत जातंय. समारोप झाला चारला, सर्टिफिकेटच्या रांगेत पाच, निघालो साडेपाचला. घाट लागला तवा अंधार, वर धुकं, पोरगी दोनदा उलटी. रात्री अकराला हॉटेल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं विमान, म्हणून नाष्टा करून लगेच उतरायला लागलो. चहाचा मळा बघितला तो गाडीच्या लाइटात. बायकोनं चहापत्ती घेतली, ती विमानतळावर पण मिळत होती.

दोन रात्री हाताशी असतील तर जावा, नाहीतर आलप्पुळाला जावा. ५५ किलोमीटरच्या आसपास, सकाळी जाऊन रात्री परत.

शाकाहारी पुणेकर

जेवायला बसल्याबरोबर गुलाबी रंगाचं कोमट पाणी आलं. मी त्यात बोटं बुडवून हात धुतले. वेटर एक अक्षर बोलला नाही, दुसरा पेला आणून ठेवला आणि स्वतः समोरच्या टेबलावरच्या माणसाकडे बघत उभा राहिला. तो माणूस तेच पाणी पीत होता. पतिमुगम नावाच्या झाडाच्या लाकडाचे तुकडे टाकून उकळलेलं पिण्याचं पाणी असतं ते. बाकी तांदूळ जाडा, तेल खोबरेल, आणि केळीचं भजं चहाबरोबर उत्तम.

लातूरची स्त्रीरोगतज्ज्ञ

हरताळाचं कुणी लिहिलं नाही. २०१८ मध्ये आमच्या परतीच्या दिवशीच पुकारला. बहुतेकदा सकाळी सहा ते संध्याकाळी सहा असतो. आम्ही पहाटे चारला विमानतळ गाठला आणि दुपारपर्यंत तिथेच बसलो, कॉन्फरन्सच्या पिशव्या उशाला घेऊन. २०१९ मध्ये तिथल्या हायकोर्टानं सात दिवस आधी नोटीस द्यायला लावलीय, तरी आयोजकांपैकी एखाद्या स्थानिक माणसाचा नंबर जवळ ठेवाच. आणि आपल्या कौन्सिलचे क्रेडिट पॉइंट (डॉक्टरकीची नोंदणी चालू ठेवायला लागतात ते) मिळणार का, हे जाण्याआधी लेखी विचारा. तिथे सगळेच 'हो हो' म्हणतात.

सातारकर दातवाला

सगळ्यांचे आभार. आयोजकांना फोन केला, हॉल बोलगट्टीला आहे. मरीन ड्राइव्हजवळ, हायकोर्ट जेट्टीपासून चालत जाण्याच्या अंतरावर दोन खोल्या घेतल्या. पोस्टर कापडावर टाकतोय. बायको चेरळाईला जाणार म्हणते, मुलाला बोट हवीय. छत्र्या चार.

मुन्नार रद्द. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. त्यांनी कालच मोती चौकातून कानटोपी आणलीय.