ड्रोनमुळे पायदळातील जवानाचा धोका नेमका कसा बदलला आहे?

सातारचा पालक:
माझा धाकटा मुलगा बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात प्रशिक्षण घेत आहे. घरातल्या दोन पिढ्या पायदळात होत्या, त्यामुळे लढाईतला धोका आम्हाला अनोळखी नाही. तोफांचा मारा थांबला की जवान खंदकातून डोके वर काढू शकत असे, असे वडील सांगत. युक्रेनमधील सैनिकांचे अनुभव वाचताना मात्र असा मोकळा क्षण त्यांना मिळतच नसावा, असे वाटते. ड्रोन म्हणजे केवळ अधिक अचूक तोफगोळा, की धोक्याचे स्वरूपच बदलले आहे? जाणकारांनी भीड न ठेवता सांगावे.

खंदकवाट:
स्वरूपच बदलले आहे, असे माझे मत आहे. तोफगोळा एका ठिकाणावर सोडला जातो आणि सुटल्यानंतर तेथील माणूस हलला की नाही, हे त्याला कळत नाही. एफपीव्ही ड्रोन, म्हणजे त्याच्यावरील कॅमेऱ्यातून पाहत उडवला जाणारा ड्रोन, चालवणारा सैनिक मात्र डोळ्यांवरील गॉगलमधून जवळजवळ शेवटच्या क्षणापर्यंत समोरच्या माणसाला पाहत असतो. तो पळाला तर ड्रोन वळवतो, तो खंदकात उतरला तर खंदकाचे तोंड शोधतो. असा ड्रोन काही शे डॉलरमध्ये तयार होतो, आणि युक्रेनने 2024 या एका वर्षात दहा लाखांहून अधिक ड्रोन बनवले. पूर्वी एकट्या सैनिकामागे कोणी महागडे क्षेपणास्त्र खर्च करत नसे. आता एका माणसासाठी एकामागून एक ड्रोन पाठवणे परवडते. शरीराची उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यांमुळे रात्रीच्या अंधाराचा आधारही बराचसा गेला आहे.

रेडिओलहरी रोखणारे जॅमर हा यावरचा मोठा उपाय होता. 2024 पासून रशियाने आणि पाठोपाठ युक्रेनने बारीक ऑप्टिकल फायबरची तार सोडत जाणारे ड्रोन वापरायला सुरुवात केली, आणि त्यांचे नियंत्रण रेडिओऐवजी तारेतून होत असल्याने त्यांच्यापुढे जॅमर निरुपयोगी ठरतो. परिणामी आघाडीची रेषा अशी उरलीच नाही. तिच्या दोन्ही बाजूंना कित्येक किलोमीटरचा पट्टाच धोक्याचा झाला आहे. वाहने मागेच सोडून जवान मोर्चापर्यंत पायी जातात. रस्त्यांवर जाळ्यांचे मांडव घातले जातात, आणि त्यांतली काही जाळी फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरील मच्छीमारांनी वापरून झालेली आहेत. फिरत्या पंख्यांत जाळे गुंतले की ड्रोन अडकतो, इतका साधा तो उपाय आहे.

निवृत्त नर्सिंग असिस्टंट:
मी आर्मी मेडिकल कोअरमध्ये नोकरी केली, त्यामुळे मला सर्वांत मोठा बदल जखमी झाल्यानंतरच्या तासांत दिसतो. अफगाणिस्तानात अमेरिकी सैन्याने 2009 मध्ये जखमीला एका तासाच्या आत उपचारांपर्यंत पोहोचवण्याचा दंडक घातला होता, आणि तेथे हेलिकॉप्टर बहुतेक वेळा जखमीपर्यंत पोहोचू शकत होते. युक्रेनमध्ये शत्रूच्या विमानविरोधी अस्त्रांमुळे हेलिकॉप्टर आघाडीजवळ येऊ शकत नाही आणि ड्रोनमुळे रुग्णवाहिकाही येऊ शकत नाही. स्ट्रेचर उचलणारे चार जण एकत्र दिसले की तेच लक्ष्य होतात. म्हणून जखमी माणूस अंधाराची, धुक्याची किंवा पावसाची वाट पाहत तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस, तळघरात पडून राहतो.

रक्तस्राव थांबवण्यासाठी हातापायावर आवळलेला पट्टा, म्हणजे टुर्निकेट, साधारणपणे दोन तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो. सहा तास उलटले तर तो अवयव वाचण्याची आशा फारच कमी उरते. तेथे कित्येक हातपाय मूळ जखमेमुळे नव्हे, तर वेळेत हलवता न आल्यामुळे कापावे लागले, हे वाचून मला फार वेदना झाल्या. जखमी आणि वैद्यकीय पथक यांना 1949 च्या जिनिव्हा करारांनी संरक्षण दिले आहे, पण तेथील कित्येक वैद्यकीय पथके आता वाहनांवरील लाल क्रॉस झाकून टाकतात, कारण तो लांबूनच ओळखू येतो. चाकांवर किंवा पट्ट्यांवर चालणारे, दूरवरून हाकले जाणारे छोटे गाडे जखमींना आणण्यासाठी वापरले जात आहेत. ते हळू चालतात आणि पुष्कळदा वाटेतच निकामी होतात, तरीही एका जखमीसाठी आणखी चार जीव पणाला लावण्यापेक्षा ते बरे.

उत्तरेचा वारा:
वरील सर्व खरे आहे. तथापि युक्रेनचे सपाट मैदान जसेच्या तसे आपल्या सीमेवर आणू नये. आपल्या उंच डोंगराळ सीमेवरील विरळ हवेत पंख्यांना उचल कमी मिळते, थंडीत बॅटरी लवकर उतरते आणि डोंगराच्या आड रेडिओसंपर्क तुटतो. पंजाब, राजस्थान आणि जम्मूच्या मैदानी भागात मात्र असा कोणताही अडसर नाही. 8 मे 2025 च्या रात्री पाकिस्तानने लेहपासून गुजरातजवळच्या सर क्रीक खाडीपर्यंत 36 ठिकाणी सुमारे 300 ते 400 ड्रोन पाठवले, असे आपल्या सरकारने सांगितले होते, आणि ते पाडण्यात एल-70 सारख्या जुन्या विमानविरोधी तोफांचा मोठा वाटा होता. त्यानंतर जुलैमध्ये पायदळाच्या पलटणींत (बटालियनमध्ये) ड्रोन प्लाटून, म्हणजे ड्रोन हाताळणाऱ्या छोट्या तुकड्या, उभारण्याचे लष्करप्रमुखांनी जाहीर केले. ड्रोन उडवणारा जवान आणि आकाशावर नजर ठेवणारा जवान एकाच पलटणीत तयार होणे मला फार आवश्यक वाटते.

सातारचा पालक:
सर्वांचे मनापासून आभार. निवृत्त साहेबांना एकच विचारतो, मुलाने स्वतः काय शिकून घ्यावे?

निवृत्त नर्सिंग असिस्टंट:
टुर्निकेट स्वतःच्याच हाताने, एका हाताने आणि अंधारात बांधता येईपर्यंत सराव करावा. तो किती वाजता बांधला हे लगेच लिहून ठेवावे, आणि मदत लांबणार असेल तर रक्तस्राव तपासून त्याऐवजी दाबपट्टी कधी व कशी घालायची, हे आपल्या पलटणीतील नर्सिंग असिस्टंटकडून समोर बसून शिकावे.