येशूने मरणावर विजय मिळवला म्हणतात, पण ही लढाई झाली कुठे?

सायली_वाचते:
एमएला मध्ययुगीन इंग्रजी नाटक आहे, त्यात इंग्लंडमधल्या यॉर्क शहराच्या नाटकांमधलं येशू नरकात उतरतो ते वाचतेय. मी ख्रिश्चन घरातली नाही, क्रूस आणि रिकामी कबर एवढंच माहीत होतं. इथे तर येशू मेल्यावर थेट नरकाच्या वेशीवर जाऊन दारं उघडा म्हणतो, आत सैतानाची माणसं घाबरून पळापळ करतात आणि दारं मोडून पडतात, अगदी गड सर केल्यासारखं. हे बायबलमध्ये आहे का? आणि ज्याला क्रूसावर मारून टाकलं तो जिंकला हे त्या प्रेक्षकांना कसं पटायचं? परीक्षेपुरतं उत्तर नकोय, खरंच समजून घ्यायचंय.

जुनी_पोथी:
बायबलमध्ये एवढं सविस्तर नाहीये. पेत्राच्या पहिल्या पत्रात तो तुरुंगातल्या आत्म्यांकडे गेला असा ओझरता उल्लेख आहे, बाकी सगळी गोष्ट निकदेमाच्या शुभवर्तमानातली, ते बायबलमध्ये घेतलेलं नाही पण मध्ययुगात युरोपभर वाचलं जायचं. दारं उघडा ही हाक बायबलमधल्या स्तोत्र २४ मधली.
तू वाचतेयस ते नाटक यॉर्कच्या जीनगरांकडे होतं, प्रत्येक धंद्याच्या गिल्डकडे, म्हणजे कारागीर संघाकडे, एकेक प्रसंग असायचा आणि कॉर्पस क्रिस्टीच्या सणाला गाड्यांवरून गावभर खेळ व्हायचे. आता नीट बघ, दारं तुटली तरी नाटक संपत नाही. सैतान येशूशी वाद घालतो, तुझा बाप सुतार, मी ओळखतो त्याला, हे आत्मे माझ्या हक्काचे आहेत, तू कोण सोडवणार! आणि येशू त्याला नुसतं ढकलून देत नाही, एकेका मुद्द्याला उत्तर देतो, मग देवदूत मिखाएल सैतानाला बांधतो. मला हा भाग फार आवडतो, कारण इथे मरण म्हणजे कुणीतरी केलेला दावा आहे आणि तो दावाच खोडून काढला जातो. आदाम आणि हव्वा बाहेर येतात, पण भावाचा खून करणारा काइन आणि येशूला पकडून देणारा यहूदा आतच राहतात, तेही विसरू नकोस. आणि पटण्याचं म्हणशील तर १३४९ च्या प्लेगनंतरचं शहर होतं ते, घराघरातली माणसं गेलेली, त्यांना आदामाचा हात धरून बाहेर काढलेला बघायचाच होता.

इतिहासप्रेमी_नाशिक:
वरच्यात रोमची भर घालतो, त्याशिवाय विजय हा शब्द कळणार नाही. रोमन सेनापती जिंकून आला की कैद्यांना साखळदंडात मिरवायचे, इ.स. ७१ मध्ये जेरुसलेम पाडल्यावर रोममध्ये अशीच मिरवणूक निघाली आणि ज्यू बंडाचा नेता सिमोन बार गिओरा याला तिच्या शेवटी ठार केलं. क्रूस म्हणजे हरलेल्यांची शिक्षा. आणि बायबलमधल्या कलस्सैकरांच्या पत्रात लिहिलंय की देवाने क्रूसावरच सत्ताधीशांना नि:शस्त्र करून त्यांची उघड धिंड काढली! मिरवणूक तीच, फक्त मिरवले जाणारे बदलले.
पण ३१२ मध्ये रोमजवळच्या मिल्वियन पुलावरच्या लढाईच्या सुमारास रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ताचं चिन्ह सैन्याच्या निशाणावर चढवलं आणि मला वाटतं तिथे फार मोठं काही हरवलं, मरणावरचा विजय आता शत्रूच्या सैन्यावरचा विजय झाला.

जुनी_पोथी:
हरवलं मान्य, पण सगळीकडे नाही. इस्तंबूलच्या एकेकाळच्या कोरा चर्चमधलं (आता तिथे मशीद आहे) चौदाव्या शतकातलं भित्तिचित्र शोधून बघ सायली, येशू आदाम आणि हव्वा दोघांना मनगटाला धरून कबरीतून ओढतोय, पायाखाली मोडलेली दारं आणि कुलपं किल्ल्या विखुरलेल्या, हातात तलवार नाही.

वसईची_लेक:
आमच्याकडे हे सगळं रोजच्या प्रार्थनेत आहे, प्रेषितांच्या विश्वासांगीकारात तो अधोलोकात उतरला असं आम्ही लहानपणापासून म्हणतो, फक्त घाईघाईत म्हणतो त्यामुळे लक्ष जात नाही. ईस्टरच्या आदल्या रात्री मेणबत्ती पेटवून जे मोठं स्तुतिगीत होतं त्यात ख्रिस्ताने मरणाची बंधनं तोडली ती हीच रात्र असं येतं. सायली, जमलं तर त्या विधीला येऊन बस, कुणी अडवत नाही.

सायली_वाचते:
सगळ्यांचे मनापासून आभार. दाव्याचा मुद्दा धरून सैतानाचे संवाद परत वाचते. आणखी एक, यॉर्कचे हे खेळ १५६९ नंतर बंद पडले आणि १९५१ मध्येच परत सुरू झाले असं वाचलंय, तर बंद पाडण्यामागे प्रोटेस्टंट धर्मसत्ता होती का नुसता खर्च? कुणाला माहिती असेल तर सांगा.