ओढायचा एरेटर: नळ्यांचा घ्यावा की खिळ्यांचा?

दूर्वांकुर:
अर्धा एकर लॉन आहे, कापायला बसून चालवायचा छोटा ट्रॅक्टर. त्याच त्याच वाटेनं तो फिरून जमीन एवढी दबलीय की पाणी जिरतच नाही, वर साचून राहतं. मागे जोडायचा एरेटर, म्हणजे जमिनीत भोकं पाडून ती मोकळी करणारं अवजार, घेणार आहे. खिळ्यांचा हलका आहे, नळ्यांचा जड. फरक पडतो का? आणि तो जमिनीत रुतावा म्हणून त्याच्यावरच्या ट्रेमध्ये वजन किती ठेवायचं?

माळरान:
नळ्यांचाच घ्या. खिळा माती बाहेर काढत नाही, बाजूला रेटतो, त्यामुळे भोकाच्या कडा उलट जास्त घट्ट होतात. रेताड जमिनीत तो एक वेळ चालेल, चिकण मातीत नको. पोकळ नळी मातीची कांडी उपसून वर टाकते, तेव्हा कुठे उरलेल्या मातीला मोकळं व्हायला जागा मिळते. घेताना एवढं बघा की झिजलेल्या नळ्या सुट्या बदलता येतात आणि नळ्या उचलायचा दांडा सीटवरून हाताला येतो.

वजनाची कमाल मर्यादा एरेटरच्या पुस्तिकेत असते. तुमचा ट्रॅक्टर किती ओढू शकतो तेही तपासा. ट्रेमधले काँक्रीटचे ब्लॉक पट्ट्यानं आवळून बांधा. पण माझं कळकळीचं सांगणं असं की वजनाआधी ओल बघा. कोरड्या जमिनीवर कितीही ब्लॉक चढवा, नळ्या वरवर ओरखडे काढत जातील. फार ओली असेल तर त्या चिखलानं बुजतात आणि चाकांनी जमीन आणखी दबते. आदल्या दिवशी भरपूर पाणी द्या आणि वापसा आला, म्हणजे जमीन ओलसर पण चिखल नाही अशी झाली, की चालवा. लांब स्क्रूड्रायव्हर हाताच्या जोरानं सहज आत गेला की जमीन तयार आहे असं समजा. कांड्या 5 ते 7 सेंमीच्या निघायला हव्यात. ओल बरोबर असूनही आखूड निघाल्या, तरच ब्लॉक वाढवा.

पाणकळा:
आधी स्प्रिंकलरच्या तोंडांपाशी झेंड्या रोवा, जमिनीत उथळ गेलेल्या वायरी आणि पाइपही खुणा करून ठेवा. हंगाम गवतावर ठरतो. बर्म्युडासारखं उष्ण हवेचं गवत जोमात वाढत असताना करा, थंड हवेच्या गवताला शरद ऋतूची सुरुवात उत्तम. नुकतंच लावलेलं लॉन असेल तर मुळं धरेपर्यंत थांबा.

दूर्वांकुर:
कांड्या गोळा करायच्या का? आणि वळताना काय करायचं?

माळरान:
राहू द्या तिथेच. सुकल्या की पाण्यानं आणि कापणीच्या फेऱ्यांनी आपोआप विरतात. भोकं उघडी आहेत तोवर चाळलेलं कंपोस्ट पातळ पसरून खराट्यानं ओढून घ्या, याच्याइतकी चांगली वेळ दुसरी नाही.

वळताना नळ्या वर उचला, दर वळणाला, न कंटाळता. खाली ठेवून वळलात तर गवत मुळासकट सोलून निघतं आणि नळ्या वाकतात. वेग चालण्याएवढाच.

दूर्वांकुर:
काल पाणी दिलं होतं, आत्ता स्क्रूड्रायव्हर खुपसून आलो. ट्रॅक्टरच्या वाटेवर दोन बोटंही गेला नाही, कडेला मुठीपर्यंत गेला.

माळरान:
मग वाटेवर पुन्हा पाणी द्या, एकदम न सोडता थोडं थोडं, जिरू देत. ती तयार झाली की उभी-आडवी अशी दोनदा घ्या. कडेला एक फेरी पुरे. आणि यापुढे दर कापणीला ट्रॅक्टरची दिशा बदला, नाहीतर पुढच्या हंगामात तीच पट्टी पुन्हा दबलेली असेल.