माउईची आग आणि गाळलेली आजी

शेवंता:
डिस्नीचा 'मोआना' (2016) हा ॲनिमेशनपट परवा पुन्हा पाहिला. गाण्यात स्वतःची टिमकी वाजवताना माउई, म्हणजे पॉलिनेशियन दंतकथांतला खोडकर अर्धदेव, पाताळातून आग आणल्याचं एका ओळीत उरकतो. न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या कथेत मुळात वस्तीतल्या सगळ्या चुली रातोरात विझवतो तोच, आग येते कुठून हे बघायला! मग आग मागायला जातो माहुइकाकडे, नात्याने त्याची आजीच. तिची आग नखांत. ती एक नख काढून देते, हा ते विझवून पुन्हा हात पुढे करतो. शेवटच्या नखाला म्हातारीचा संयम सुटतो, ती ते भिरकावते आणि रान पेटतं. हा शिकारी पक्षी होऊन पळतो, तरी पंख होरपळतातच. पाऊस येतो म्हणून वाचतो. आजी गाळली की उरतो नुसता बढाईखोर.

खडूस_काका:
मूळ मूळ म्हणजे कुठलं? हवाईत ही आजी नाहीच. तिथे आगीचं गुपित पाणकोंबड्यांकडे असतं. माउई एकीला पकडून ते वदवून घेतो आणि चिडून तिचं डोकं घासतो, म्हणून ते लाल. शिवाय सिनेमातही 'ते फिती' या देवीचं हृदय चोरून अनर्थ माउईच करतो, आणि संतापून पेटलेली 'ते का' ही आगीची राक्षसीण आहेच की. आजी गाळलेली नाही, वेश बदलून आलीय.

शेवंता:
छान लढवलंत! पण 'ते का' त्याची कोणीच लागत नाही. घरच्या म्हातारीला फसवलं, यातच तर गंमत आहे.

रानफणस:
माझी तक्रार वेगळी. माहुइकाची उरलेली आग झाडांत शिरते, म्हणून काइकोमाकोची काडी माहोएच्या लाकडावर घासली की विस्तव निघतो. गोष्टीचं फळ हेच, आणि पडद्यावर तेच नाही. आपल्याकडे वेदांत मातरिश्वा भृगूंसाठी अग्नी आणतो आणि यज्ञात तो अरणीची लाकडं घुसळून काढतात. आपल्या पोरांना हे लगेच कळलं असतं.

टवाळ:
2017 मध्ये हाच सिनेमा माओरी भाषेत आला. त्यांना चालतो, आपण का कुढतोय?

शेवंता:
भाषेत आणला म्हणजे सगळं पटलं असं नाही. माउईच्या गोंदलेल्या कातडीचा पोशाख लोक भडकल्यावर डिस्नीने 2016 मध्येच विक्रीतून काढला होता.

खडूस_काका:
पोशाख दुकानदारांचा, सिनेमा कथाकारांचा. एका मापाने मोजू नका.

शेवंता:
गल्ला एकच आहे, काका.