डेलॉइटची सुरुवात रेल्वेमुळे झाली का?

प्रश्न: विल्यम वेल्च डेलॉइट यांनी १८४५ साली लंडनमध्ये एकट्याने पेढी काढली, असे वाचले. हिशेबनिसाची ती छोटी पेढी वाढून आजची जगभर पसरलेली लेखापरीक्षण कंपनी डेलॉइट होण्यास रेल्वे कारणीभूत ठरली का, हे कृपया कोणी सांगावे.

उत्तर १: रेल्वेचा वाटा मोठा आहे, परंतु मुळात ते दिवाळखोरी न्यायालयात कामाला होते आणि पेढीही त्यांनी त्या न्यायालयासमोरच, बेसिंगहॉल स्ट्रीटवर थाटली. बुडालेल्या व्यापाऱ्यांच्या वह्या तपासत घडलेल्या या माणसाला १८४९ साली ग्रेट वेस्टर्न रेल्वेने स्वतंत्र लेखापरीक्षक म्हणून नेमले. भागधारकांचा पैसा संचालकांच्या हाती असताना तिऱ्हाइताने हिशेब तपासावेत, हा विचार मला आजही फार मोलाचा वाटतो.

उत्तर २: वरील माहितीत भर घालतो. ग्रेट नॉर्दर्न रेल्वेत समभागांच्या नोंदवहीचे काम पाहणाऱ्या लिओपोल्ड रेडपाथ याने बनावट समभाग विकून कंपनीला लुबाडले, आणि हा अपहार उघडकीस आणण्यात डेलॉइट यांचा हात होता. पुढे १८९० मध्ये डेलॉइट यांच्या पेढीची न्यूयॉर्कला शाखा निघाली.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. न्यायालयाचा संदर्भ मला मुळीच ठाऊक नव्हता.