'अश्वशक्ती' शाळेच्या पुस्तकातून काढावी का?

संत्रावाला: माझं मत, काढावी. 1 एचपी, म्हणजे एक अश्वशक्ती, म्हणजे 746 वॉट, एवढं पोरांना पुरे. आपल्याकडं वखरणी-डवरणी बैलानं होते, मग मोजायला घोडा कायले? मुळात आकडाच धंद्यातून आला. जेम्स वॉटला वाफेचं इंजिन विकायचं होतं, गिऱ्हाईक घोड्यांवर गिरण्या फिरवणारे. म्हणून त्यानं मिनिटाला 33,000 फूट-पौंड (एक पौंड वजन एक फूट उचललं की एक फूट-पौंड) असं घोड्याचं काम ठरवलं. दिवसभर जुंपलेला साधा घोडा तेवढं करतच नाही.

मोटर-मिस्त्री: अहो भाऊ, फसवायचं असतं तर घोडा कमी ताकदीचा धरला असता ना! चार घोड्यांचं इंजिन घेणाऱ्याले चार घोड्यांहून जास्तच काम भेटे. अन् आज शेतीपंपाच्या मोफत विजेची मर्यादा 7.5 एचपी, सौर पंप 3, 5 अन् 7.5 एचपीचे. दुकानात येऊन 5 एचपीऐवजी '3.7 किलोवॉटची मोटर द्या' म्हणून पाहा, पोऱ्या तोंडाकडं पाहत राईन.

गुरुजी: मिस्त्रींशी सहमत, पण एक भर घालतो. घोड्याशी तुलना वॉटची नव्हे. थॉमस सेव्हरीनं 1702 मध्येच आपल्या इंजिनाची बरोबरी घोड्यांशी केली होती. वॉटची अडचण वेगळी होती. न्यूकोमेन नावाचं जुनं वाफेचं इंजिन वापरणाऱ्यांकडून तो वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा तिसरा हिस्सा घेई. घोडेवाला कोळसा जाळतच नव्हता, त्याच्याकडून कशाचा हिस्सा मागणार? तिथं अश्वशक्ती कामी आली. आणि संत्रावाले, 1882 मध्ये 'वॉट' हे एकक सुचवलं गेलं ते याच माणसाच्या नावानं. घोडा हाकलून तुम्ही त्याच्या मालकालाच पुस्तकात बसवताय.

संत्रावाला: बसू द्या! वॉट निदान सगळीकडं सारखा. मेट्रिक घोडा 735.5 वॉटचा, इंग्रजी घोडा 746 चा. एका नावाचे दोन घोडे नववीच्या पोरानं कसे ओळखावे?

कापूसकरी: शेतकी शास्त्रात बैलजोडी साधारण एक एचपीचीच धरतात. घोडा नको असन तर बैलजोडी लिहा, मले चालते. 'पाच जोड्यांची मोटर' म्हटलं तर आमच्या बुढ्याले लगेच समजीन.

गुरुजी: बैलजोडी कोणत्या जातीची, गवळाऊ की लाल कंधारी? उद्या त्यावर वेगळं भांडण.

कापूसकरी: वर्धेत उभं राहून हे विचारता? गवळाऊच!

मोटर-मिस्त्री: जोडी कोणतीही लिहा, मोटरच्या पाटीवरचं 'एचपी' खोडू नका. रिवाइंडिंगले आलेल्या मोटरचं दुसरं काही वाचताच येत नाही.